अक्षर-शंका : इनॅमलच्या पाटीवरून फॉन्ट

जुन्या इनॅमलच्या पाट्यांवरची ठाशीव, सॅन्स सेरिफ (म्हणजे रेघांच्या टोकांना छोट्या शेपट्या नसलेली) अक्षरं फॉन्टमध्ये कशी आणायची, यावर या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या वाड्याच्या दारावर निळ्या जमिनीवर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची जुनी पाटी आहे. सगळ्या अक्षरांचे कोपरे थोडे गोल आहेत. हे झिजून झालं की ब्रशने रंगवल्यामुळे? — मिरज

दोन्ही नाही. ती अक्षरं मुळात रंगवलेलीच नसतात. इनॅमल म्हणजे काचेची पूड. ती माती आणि पाण्यात कालवून पत्र्यावर चढवतात, वाळवतात आणि साधारण ८०० अंश सेल्सिअसला काही मिनिटं भट्टीत भाजतात. काच वितळते आणि पत्र्याला धरते. पहिला थर काळपट असतो. पत्र्यावर पकड यावी म्हणून त्यात कोबाल्ट आणि निकेलची ऑक्साइडं घालतात. घरातलं इनॅमलचं टमरेल आपटलं की पांढरा टवका उडून खाली काळं दिसतं, ते हेच. त्यावर पांढरा थर, पुन्हा भट्टी. मग निळा. (निळाच का इतका दिसतो? कोबाल्टचा निळा भट्टीत बिघडत नाही, आणि पांढऱ्याशी लांबूनही उठून दिसतो.)

खरी मेख या निळ्या थरात आहे. निळा सगळ्या पाटीवर चढवून वाळवायचा, त्यावर पत्र्याचा कापलेला साचा ठेवायचा आणि जिथे अक्षर हवं तिथली वाळलेली पूड ब्रशने झाडून टाकायची. खालचा पांढरा उघडा पडतो, तेच अक्षर. म्हणजे तुमच्या पाटीवरचं पांढरं अक्षर हे निळ्यातलं भोक आहे. पाटी पुन्हा भट्टीत गेली की निळी काच वितळते, आणि पाण्याच्या थेंबासारखीच तीही टोकदार कोपरा धरून ठेवत नाही. अक्षराच्या बाहेरच्या कोपऱ्यात ती किंचित आत सरकते, आतल्या कोपऱ्यातून किंचित मागे हटते. म्हणून ‘ई’च्या दांड्यांची टोकंही गोल आणि ‘एल’ची काखही गोल.

भिंग घेऊन ‘ओ’ पाहा. ओच्या पोटातला निळा भाग झाकायचा तर साच्यात तो तुकडा बाहेरच्या पत्र्याशी बारीक पुलांनी जोडून ठेवावा लागे. पुलाखाली राहिलेली पूड मग हाताने काढत. ती नीट निघाली नसेल तर तिथे बारीकशी खाच किंवा केसाएवढी निळी रेघ सापडते. फॉन्टसाठी बाह्यरेषा काढताना ही खाच वळणाचा भाग समजून गिरवू नका.

प्रश्न : पाटीवर इंग्रजीत ‘स्टेशन रोड’ एवढंच आहे. त्यावरून पूर्ण फॉन्ट करता येईल का? मोबाइलच्या फोटोत अक्षरं फुगलेली येतात. — नाशिक

फोटोचं आधी. मोबाइल जवळ नेऊन काढलेल्या फोटोत मधलं अक्षर फुगतं, कडेची कलतात. शिवाय बऱ्याच पाट्या मुळातच मधे किंचित उचललेल्या असतात. तीन-चार मीटर मागे जा, कॅमेऱ्यावर ८५ मिमीच्या आसपासची लेन्स लावा, मोबाइल असेल तर दोन किंवा तीन पटीची. ऊन नको, सावलीतला प्रकाश बरा. इनॅमल म्हणजे काच, त्यात समोरचं सगळं दिसतं. कॅमेऱ्याच्या मागे काळी चादर धरली की चकाकी जाते. अक्षरांच्या पातळीतच स्टीलची फूटपट्टी चिकटवून फोटो घ्या. त्या पट्टीवाचून पुढचं गणित होत नाही.

गणित असं. समजा अक्षराची उंची ९२ मिमी, उभी रेघ १५ मिमी, आडवी १३ मिमी, कोपऱ्याची गोलाई २ मिमी आहे. फॉन्टचा चौक (ज्या मापावर सगळी अक्षरं काढतात तो चौकोन) १००० एककांचा आणि कॅपिटल अक्षराची उंची ७०० धरली, तर उभी रेघ १५ भागिले ९२ गुणिले ७००, म्हणजे ११४ एकक. आडवी ९९, गोलाई १५. आडवी रेघ उभीपेक्षा बारीक निघाली म्हणून दचकू नका. दोन्ही सारख्या ठेवल्या तर डोळ्याला आडवी जाड वाटते, आणि साचे काढणाऱ्यांना हे ठाऊक होतं.

ऑटो-ट्रेस करू नका, म्हणजे फोटोवरून सॉफ्टवेअरला आपोआप बाह्यरेषा काढू देऊ नका. त्यातून एका ओला साठ-सत्तर बिंदू येतात आणि नंतर जाडी एक एककाने बदलायची म्हटली तरी सगळं नव्याने करावं लागतं. ओला आठ बिंदू पुरतात, चार बाहेर आणि चार आत, वळणाच्या अगदी वर-खाली आणि डावी-उजवीकडे. ई काटकोनी काढला तर बारा. सुरुवातीला सगळे कोपरे टोकदारच ठेवा. गोलाई शेवटी, फॉन्ट बाहेर काढताना फिल्टरने द्या. आधी एकमेकांवर आलेले भाग एकजीव करणं, मग गोलाई, हा क्रम. उलटा झाला तर टीच्या सांध्यात खळगे पडतात. मॅक असेल तर ग्लिफ्स या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सोपं आहे. फुकटात हवं तर फॉन्टफोर्ज, फक्त तिथे हातकाम जास्त.

तुमच्या पाटीवर एस, टी, ए, आय, ओ, एन, आर, डी अशी आठच अक्षरं आहेत. ओवरून सी आणि क्यू, आर आणि डीवरून बी आणि पी, टी आणि आयवरून एल, एफ, ई, एच, एवरून व्ही. ही आपोआप येतात. जी आणि एम येत नाहीत. जीला आत दांडी आहे का, नुसता कोपरा? एमचे पाय सरळ की फाकलेले? फॉन्टचा सगळा चेहरा या दोन अक्षरांवर ठरतो, तेव्हा अंदाजाने काढू नका. त्याच गावातल्या, त्याच काळातल्या आणखी दोन पाट्या शोधा. आकड्यांसाठी घरनंबराचे बिल्ले सर्वात चांगले. लहान लिपी बहुतेक पाट्यांवर नसतेच, ती तुम्हालाच घडवावी लागेल. तिची उंची ५१०च्या आसपास ठेवून पाहा.

प्रश्न : इथे ब्रिटिश रेल्वेच्या जुन्या ‘टोटेम’ पाट्या लिलावात येतात. त्यावरची अक्षरं गिल सॅन्स आहेत की हेल्व्हेटिका? — लंडन

हेल्व्हेटिका असणं शक्यच नाही. ती १९५७ची. टोटेम पाट्या १९४८मध्ये रेल्वे सरकारी झाल्यानंतरच्या, आणि त्यांची अक्षरं गिल सॅन्सच्या वळणाची. त्याआधी १९२९पासून एलएनईआर या रेल्वे कंपनीने तेच अक्षर स्वीकारलं होतं. पाटीच्या रंगावरून विभागही कळतो: गडद हिरवी दक्षिण विभागाची, चॉकलेटी पश्चिमेची, मरून लंडन-मिडलँडची, फिकट निळी स्कॉटलंडची. भुयारी रेल्वेच्या पाट्यांवरचं अक्षर मात्र एडवर्ड जॉन्स्टनचं, १९१६चं. लहान आयवरचा टिंब चौकटच्या एक्क्यासारखा दिसला की ते जॉन्स्टन.

फॉन्ट करणाऱ्याने टोटेमकडून उचलावं असं वेगळंच काही आहे. पाटीचा आकार ठरलेला, स्टेशनाचं नाव मात्र कितीही लांब. मग लांब नावासाठी अक्षर चिंचोळं काढलं जाई, पण रेघेची जाडी मोडू दिली जात नसे. आपल्याकडे ‘श्री स्वामी समर्थ इलेक्ट्रिकल्स अँड हार्डवेअर’ बसवायचं असलं की मजकूर पकडून आडवा दाबतात. ७० टक्क्यांवर दाबला तर ११० एककांचा काना ७७चा होतो आणि शिरोरेषा आहे तेवढीच जाड राहते. सगळी ओळ छपराखाली चेपल्यासारखी दिसते. म्हणून फॉन्टमध्ये सुरुवातीपासून दोन रुंदी काढा, मूळ आणि चिंचोळी. दोन्हींत बिंदूंची संख्या आणि क्रम सारखा ठेवला तर पुढे व्हेरिएबल फॉन्ट करून मधली कुठलीही रुंदी मिळते.

प्रश्न : अशा इंग्रजी फॉन्टला जुळणारी देवनागरी काढायची आहे. रेघेची जाडी सारखी ठेवली तरी मराठी ओळ काळीकुट्ट दिसते. काय चुकतं? — पुणे

जाडी सारखी ठेवली हेच चुकतं. इंग्रजी एचमध्ये जेवढ्या जागेत तीन रेघा असतात तेवढ्यात ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’मध्ये सहा-सात वळणं बसवायची असतात, वर शिरोरेषा. इंग्रजीची उभी रेघ ११४ असेल तर काना ११० घ्या, शिरोरेषा ९४. म, न, भ यांच्या गाठी आणि ष, ऋ, क्ष यांच्या आतल्या रेघा ८०पर्यंत खाली आणा. ७५च्या खाली मात्र नको, लहान आकारात तिथे अक्षर फाटल्यासारखं दिसतं. ‘सॅन्स सेरिफ’ हा शब्दही देवनागरीला उसनाच आहे. बोरूच्या अक्षराला सेरिफ नसतात, असते ती तिरक्या टाकाची जाड-बारीक रेघ. इनॅमलच्या अक्षरातून आपल्याला घ्यायचं ते एवढंच: एकजाड वाटणारी रेघ, मोकळ्या पोकळ्या, मऊ कोपरे.

उंची. पाटीवर इंग्रजी सगळी कॅपिटल असते, तेव्हा शिरोरेषेची वरची कड ६४०च्या आसपास न्या. पुस्तकी फॉन्टसारखी ती खाली ठेवली तर मराठी नाव इंग्रजीपेक्षा बारीक दिसतं. महाराष्ट्रात २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत, हेही लक्षात असू द्या. वर मात्रा-रफार-अनुस्वार ९३०पर्यंत जातात, खाली ‘ट्ठू’सारखं काही आलं तर उणे ३३०पर्यंत. फॉन्टच्या वरच्या-खालच्या मर्यादा १००० आणि उणे ४०० ठेवा, नाहीतर विंडोजवर वेलांट्यांचे शेंडे आणि उकार छाटले जातात.

आता या कामातला नेहमीचा खड्डा. गोलाईचा फिल्टर लावला की शिरोरेषेची दोन्ही टोकंही गोल होतात आणि ‘कमळ’ लिहिलं की दोन अक्षरांच्या मधे, शिरोरेषेच्या वर-खाली, उंदराने कुरतडल्यासारख्या खाचा दिसतात. उपाय सोपा आहे: शिरोरेषा प्रत्येक अक्षराच्या रुंदीबाहेर दोन्ही बाजूंना गोलाईइतकी तरी वाढवा. गोलाई १५ असेल तर वाढ किमान १५. आम्ही २० सुचवू. मग प्रत्येकाचा गोल भाग शेजाऱ्याच्या सरळ भागाखाली दडतो, आणि शब्दाच्या दोन टोकांना मात्र गोलाई उरते, जी हवीच आहे.

मराठी वळणं विसरू नका. शासनाच्या २००९च्या वर्णमाला-निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आहे. बरेच जण हिंदी वळण मूळ धरून मराठी रूप भाषेनुसार बदलणाऱ्या नियमात, म्हणजे ‘लोकल’ फीचरमध्ये टाकतात. तो नियम चालायला मजकुराची भाषा मराठी निवडलेली असावी लागते, आणि पाटीवाल्याच्या दुकानात ती कोणी निवडत नाही. तुमचा फॉन्ट मराठी पाट्यांसाठी असेल तर मराठी रूपच मूळ ठेवा, हिंदीचं नियमात जाऊ दे. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतात: कोणी नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त वापरतं, कोणी साधा ‘र’, हलन्त आणि जोडक चिन्ह. दोन्हींतून एकच आकार यायला हवा. ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह आहे. ते नसेल तर ‘ॲडव्होकेट’च्या पाटीवर चौकोन उमटेल, आणि तो वकील तुमच्याकडेच येईल.

तपासायला हे शब्द घ्या: तऱ्हा, दुसऱ्या, विठ्ठल, चिठ्ठ्या, श्रद्धा, उद्घाटन, वाङ्मय, हृदय, कर्तृत्व, महाराष्ट्र, कीर्ती, बँक, ऑइल, लाडू.

प्रश्न : फॉन्टमध्येच ओरखडे आणि गंजाचे डाग घातले तर जुनेपणा जास्त येईल ना? — कोल्हापूर

येईल, आणि दुसऱ्याच ओळीत उघडा पडेल. ‘बाबासाहेब’ लिहिलं की तिन्ही बांवर त्याच जागी तोच टवका. शिवाय एकेका अक्षराला शेकडो बिंदू होतात, फाइल जड होते, आणि कटिंगच्या यंत्राला प्रत्येक डागाभोवती फिरावं लागतं. खऱ्या पाटीवर टवका अक्षर बघून पडत नाही. तो स्क्रूच्या भोकांभोवती, कडेला आणि जिथे दगड बसला तिथे पडतो. गंज हवाच असेल तर तो चित्रात, अक्षरांच्या वरचा वेगळा थर म्हणून घाला. पाटीचा जुनेपणा रेघेच्या प्रमाणात आणि कोपऱ्यात असतो. तो नीट उतरला तर डाग लागत नाहीत.

जाता जाता: गंजलेल्या नव्या पाट्याही बाजारात खूप आहेत. मुंबईच्या चोरबाजारातून नमुना घेताना बोट फिरवून पाहा. साच्याच्या जुन्या पाटीत रंगांच्या थरांची पायरी बोटाला लागते, आणि भोकाजवळच्या टवक्यात पांढऱ्याखालचा काळा थर दिसतो. पांढऱ्याखाली थेट पत्रा असेल तर ठेवून द्या.

प्रश्न : रेडियम कटिंगला फॉन्ट दिला की शिरोरेषा प्रत्येक अक्षराशी कापली जाते. आणि अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. — इचलकरंजी

पहिली तक्रार फॉन्टची नाही. शेजारच्या शिरोरेषा एकमेकांवर चढलेल्या असतात (वर सांगितलेली २० एककं). पडद्यावर ते दिसत नाही, पण कटर प्रत्येक बाह्यरेषेवर सुरी चालवतो. मजकूर आधी कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषांत बदला, मग एक-एक शब्द निवडून वेल्ड (एकजीव) करा आणि नंतरच कटिंगला पाठवा. वेल्डनंतर ‘वायरफ्रेम’मध्ये बघायची सवय लावा, सुटलेला सांधा लगेच दिसतो.

दुसरी गोष्ट: देवनागरीत ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सोय, वापरू नये. जागा हवी असेल तर ती फॉन्ट करणाऱ्याने अक्षराच्या अंगातच द्यायची, म्हणजे शिरोरेषेसकट रुंद केलेला पर्यायी संच. वेलांटी-जोडाक्षरं सुटी पडत असतील तर बहुधा सॉफ्टवेअर जुनं असतं, किंवा अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी चालू केलेली नसते. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर नव्या फॉन्टमध्ये तसाच टाकला तर कचरा दिसणारच. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

प्रश्न : देवनागरी नव्याने काढण्याऐवजी ‘मुक्ता’ घेऊन कोपरे गोल केले तर चालेल? तो फॉन्ट विकता येईल? — ठाणे

मुक्ता ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, तेव्हा बदल करायला हरकत नाही. पण बदललेला फॉन्टही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो आणि नुसता फॉन्ट म्हणून विकता येत नाही. परवान्याच्या फाइलमध्ये एखादं नाव राखीव लिहिलं असेल तर ते वापरायचं नाही. विकायचाच असेल तर पहिल्या रेघेपासून स्वतः काढा. आणखी एक: जुन्या जाहिरातींच्या पाट्यांवरचं साधं अक्षर वेगळं आणि कंपनीचा नोंदलेला लोगो वेगळा. चहा-साबणाच्या ब्रँडचं नाव ज्या खास वळणात आहे ते फॉन्टमध्ये उचलू नका.

प्रश्न : पणजीतल्या जुन्या घरांवरच्या निळ्या-पांढऱ्या नावांच्या पाट्या इनॅमलच्याच ना? — मडगाव

नाही. त्या आझुलेजू, म्हणजे भाजलेल्या मातीच्या फरशा. चकाकी काचेचीच, पण तिथे अक्षर कुंचल्याने काढलेलं असतं, म्हणून त्याला कुंचल्याची जाड-बारीक आहे. सॅन्स सेरिफसाठी तो नमुना घेऊ नका. वेगळा फॉन्ट होईल, आणि चांगला होईल.

प्रश्न : तयार केलेल्या फॉन्टमध्ये घराची खरी इनॅमलची पाटी करून घ्यायची आहे. काय सांगावं, काय बघावं? — छत्रपती संभाजीनगर

आधी शब्दांचा घोळ सोडवा. हार्डवेअरच्या दुकानात डब्यात मिळतो तो ‘इनॅमल’ म्हणजे ऑइलपेंट, त्याचा काचेशी संबंध नाही. पावडर कोटिंगही इनॅमल म्हणून खपवतात. ते साधारण १८० ते २०० अंशांना भाजलेलं प्लास्टिक असतं. नमुन्याच्या तुकड्यावर खिळ्याने ओढून पाहा. काचेवर ओरखडा उठत नाही, पावडरवर उठतो.

पत्रा कमी कार्बनच्या पोलादाचा, १.२ ते १.६ मिमी. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा चालत नाही, भट्टीत जस्तामुळे फोड येतात. मागच्या बाजूलाही इनॅमल हवंच. एकाच बाजूला दिलं तर थंड होताना पत्रा वाकतो. भोकं भाजण्याआधी पाडून घ्या, नंतर ड्रिल लावलं की टवका ठरलेला.

हल्ली अक्षरं बहुधा स्क्रीन प्रिंटने चढवतात, तरी वितळण्याचा नियम तोच. बारीक पोकळ्या भरतात. म्हणून सर्वात लहान ओळीतही शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षर १२ मिमीपेक्षा लहान नको. तेवढ्या उंचीला गाठींमधली ८० एककांची रेघ दीड मिमीची होते. निळ्यावर पांढरं असेल तर अक्षर आहे त्यापेक्षा जाड भासतं, तेव्हा रेघा सहा-आठ एककांनी बारीक केलेली प्रत द्या.

लावताना स्क्रूखाली फायबरचा किंवा रबराचा वॉशर, पाटीच्या मागेही एक. स्क्रू हाताने बसेल तेवढाच आवळा. भिंत खडबडीत असेल तर आधी चारही वॉशर एका पातळीत येतात का ते बघा. एक कोपरा अधांतरी राहिला की शेवटच्या पिळाला तिथलाच टवका उडतो.